अनेक दिवसांच्या डोंगरी ट्रेल शर्यतीची तयारी आणि प्रवास

एका दिवसाची शर्यत कितीही लांब पल्ल्याची असली, तरी ती संपल्यावर शरीराकडे आणखी काही मागायचे नसते. पाय सुजले, पोट बिघडले, पुढचे दोन दिवस जिना उतरता आला नाही, तरी चालून जाते. अनेक दिवसांच्या शर्यतीत ही मुभा नसते. आज संध्याकाळी ज्या पायांनी तुम्ही तंबूत शिरता, तेच पाय उद्या पहाटे पुन्हा बुटांत घालायचे असतात, आणि परवाही. म्हणून या प्रकारच्या शर्यतीची सगळी तयारी, म्हणजे सराव, बूट, सामान, खाणे आणि प्रवासाच्या तारखासुद्धा, एकाच प्रश्नावर पारखून घ्यावी: याने दुसऱ्या दिवशीची सकाळ सोपी होईल की अवघड? ज्यांनी एखादी मॅरेथॉन किंवा एका दिवसाची डोंगरी शर्यत पूर्ण केली आहे आणि ज्यांना आता टप्प्यांच्या शर्यतीकडे वळायचे आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

शर्यतीची निवड

या शर्यती ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात रोजच्या टप्प्याच्या शेवटी मुक्काम आणि जेवणाची सोय आयोजक करतात, आपली मोठी बॅगही तेच पोहोचवतात. धावकाने दिवसभराचे सामान तेवढे पाठीवर न्यायचे असते. दुसऱ्या प्रकारात स्लीपिंग बॅगपासून शिध्यापर्यंत सगळे स्वतः वाहावे लागते. तिसऱ्या प्रकारात टप्पेच नसतात. घड्याळ सतत चालू राहते आणि कुठे किती झोपायचे हे धावकच ठरवतो. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात २०१० पासून होणारी ‘टोर दे जेआँ’ ही सुमारे ३३० किलोमीटर अंतराची आणि २४,००० मीटर चढाईची शर्यत या तिसऱ्या प्रकारातली असून तिला १५० तासांची मर्यादा आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याने पहिलाच प्रकार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रोज रात्री कोरडे कपडे आणि पाठ टेकायला जागा मिळाली, की आदल्या दिवशी जे चुकले ते सुधारायला वाव राहतो.

एकाच प्रकारातल्या दोन शर्यतींचा स्वभावही अगदी वेगळा असू शकतो. आल्प्स ओलांडणारी ‘ट्रान्सआल्पाइन रन’ २००५ मध्ये सुरू झाली ती दोघांच्या जोडीने धावण्यासाठी. तिथे जोडीदाराचा वेग, त्याची भूक आणि त्याचा उत्साह हे सगळे तुमच्या तयारीचा भाग होतात. वेल्समध्ये १९९२ साली पहिल्यांदा झालेल्या ‘ड्रॅगन्स बॅक’ शर्यतीत बहुतेक वाटेवर खुणा नसतात, त्यामुळे धुक्यात नकाशा किंवा जीपीएस वाचता येणे हे पायांतल्या ताकदीइतकेच महत्त्वाचे ठरते. दार्जिलिंगच्या डोंगरांत होणाऱ्या ‘हिमालयन १०० माइल’ शर्यतीत पाच दिवसांत सुमारे १६० किलोमीटर धावायचे असते, आणि पहिल्याच रात्रीचा मुक्काम ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूवर असतो. म्हणजे तिथे अंतरापेक्षा उंचीचा विचार आधी करावा लागतो.

किलोमीटरच्या आकड्यावरून डोंगरी टप्प्याचा अंदाज कधीही बांधू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ३५ किलोमीटर आणि २,४०० मीटर चढाईचा टप्पा या हिशेबाने चालणाऱ्याला अकरा तासांचा होतो. धावक साधारणपणे १०० मीटर चढाई म्हणजे एक जादा किलोमीटर असे धरतात, म्हणजे हाच टप्पा ५९ सपाट किलोमीटरच्या तोडीचा झाला. प्रत्येक टप्प्यासाठी असा हिशेब मांडून तो कट-ऑफशी, म्हणजे टप्पा पूर्ण करण्याच्या कमाल वेळेशी, ताडून पाहावा. केवळ कट-ऑफच्या आत पोहोचता येते एवढ्यावर समाधान मानू नये. दुपारी दोनला पोहोचणाऱ्याला जेवायला, पाय बघायला आणि झोपायला जो वेळ मिळतो, तो संध्याकाळी सातला पोहोचणाऱ्याला मिळत नाही, आणि हा तोटा रोज साचत जातो. रोजच्या कट-ऑफच्या दीड-दोन तास आधी पोहोचण्याची ऐपत नसेल, तर यंदा लहान शर्यत निवडावी.

नियमपुस्तिका शब्दन् शब्द वाचावी. एखादा टप्पा सुटला तर पुढचे दिवस स्पर्धेबाहेर राहून धावता येते का, पाणी किती अंतरावर मिळते, आयोजकांनी न्यायच्या बॅगेचे वजन किती चालते, डॉक्टरांचे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात लागते, हे नोंदणीच्या आधीच कळले पाहिजे. इटलीत स्पर्धात्मक धावण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र कायद्यानेच लागते. ते नसेल तर बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, हाती पडत नाही.

सराव

आठवड्यातून चार दिवस नियमित धावणाऱ्याने विशेष तयारीसाठी निदान सहा महिने हाताशी ठेवावेत. या काळात आठवड्याच्या किलोमीटरपेक्षा दोन गोष्टींची नोंद अधिक काळजीपूर्वक ठेवावी: किती तास पायांवर होतो, आणि किती मीटर चढलो-उतरलो. घराजवळ डोंगर नसेल तर जिने, पूल आणि उतार दिलेली ट्रेडमिल यांवर चढाई भरून काढता येते; उतरणीला मात्र खरा पर्याय नाही, तिच्यासाठी महिन्यातून एक-दोनदा तरी डोंगर गाठावाच.

उतरणीवर एवढा भर देण्याचे कारण स्नायूंच्या कामाच्या पद्धतीत आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. त्यात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा होते आणि त्याचे दुखणे २४ ते ७२ तासांनी शिगेला पोहोचते. म्हणजे पहिल्या दिवशीच्या बेफाम उताराची किंमत दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी चुकवावी लागते, आणि पहिल्या संध्याकाळी तिचा पत्ताही लागत नाही. दिलासा एवढाच, की एकदा उताराचा मार खाल्लेले स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बऱ्याच अंशी सोसतात. म्हणून शर्यतीच्या आधीच्या दोन महिन्यांत लांब उताराचा सराव दर दहा-बारा दिवसांनी यायला हवा, आणि शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी आटोपलेला असावा. उतरताना पावले लहान आणि भराभर टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत आणि नजर पायाखाली न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवावी. घसाऱ्यावर टाचेवर मागे रेलण्याची इच्छा होते, पण तसे केले की पाय हमखास सुटतो. अंग थोडे पुढे ठेवले तर पकड मिळते.

सरावाचा कणा म्हणजे लागोपाठच्या दिवसांची लांब धाव. सुरुवातीला शनिवारी तीन तास आणि रविवारी दोन, पुढे चार आणि तीन, असे वाढवत न्यावे. रविवारची धाव वेगासाठी नसतेच. दुखऱ्या पायांनी पहिला अर्धा तास कसा काढायचा, न आवडणारा नाश्ता कसा गिळायचा, कालच्या फोडावर आज बूट कसा चढवायचा, हे सगळे त्या धावेत शिकायला मिळते. शर्यतीच्या पाच-सहा आठवडे आधी एकदा सलग तीन दिवसांचा सराव करावा, शर्यतीचीच बॅग, बूट, मोजे आणि खाणे वापरून. दर चौथ्या आठवड्याला सराव सुमारे एक तृतीयांशाने कमी करावा. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावण्याचे तास हळूहळू निम्म्यावर आणावेत. या काळात पाय जड वाटतात आणि ‘तयारी कमी पडली’ अशी शंका छळते, पण त्या शंकेपोटी केलेली जादा धाव फक्त थकवा पदरात घालते.

तीव्र चढावर वेगाने चालणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते मुद्दाम कमवावे लागते. दिवसभराच्या शर्यतीत अत्यंत तरबेज धावकही मोठा चढ चालतच जातात, कारण तिथे धावून मिळणारी मिनिटे थोडी आणि जळणारी ताकद भरपूर असते. ट्रेकिंग पोल वापरण्याची परवानगी असेल तर त्यांचा सराव किमान दोन महिने आधी सुरू करावा. सपाटीवर पोल टेकवला असता कोपर काटकोनात राहील एवढी त्याची लांबी असावी. हात पट्ट्यातून खालून वर घालून मग मूठ पकडावी, म्हणजे भार पट्ट्यावर पडतो आणि बोटे आवळून धरावी लागत नाहीत. याखेरीज आठवड्यातून दोनदा पोटऱ्या, मांड्या, कंबर आणि पाठ यांचे बळ वाढवणारे व्यायाम करावेत.

उंचीचा प्रश्न

हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच, सुमारे २१ टक्के असते. उंचीवर हवेचा दाबच कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. सुमारे ५,५०० मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो आणि तो किती होईल हे धावण्याच्या क्षमतेवरून सांगता येत नाही. किंबहुना तंदुरुस्त माणूस भराभर वर जातो म्हणून त्याला धोका अधिक संभवतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा गिर्यारोहणातला प्रस्थापित नियम आहे. शर्यतीचे वेळापत्रक हा नियम पाळत नसेल, तर काही दिवस आधी पोहोचून उंचावर मुक्काम करणे हाच मार्ग उरतो. असेटाझोलामाइडसारखे औषध घ्यायचे की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आणि ठरल्यास घरी एकदा घेऊन पाहावे.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर वर जाऊ नये. तोल जाणे, बोलण्यात असंबद्धता, बसल्या जागी धाप लागणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता ताबडतोब खाली उतरावे आणि वैद्यकीय पथकाला कळवावे. मेंदूत किंवा फुप्फुसांत पाणी साठल्याची ही लक्षणे असू शकतात.

सामान

सक्तीच्या सामानाची यादी जाच वाटते, पण तिच्यातली प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या दुर्घटनेतून तिथे आलेली आहे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारठा, वारा आणि गारांचा पाऊस आला आणि २१ धावक दगावले. त्यांत लियांग जिंग हे देशातले नावाजलेले अल्ट्रा-धावकही होते. वाराप्रतिबंधक जॅकेट त्या शर्यतीच्या सक्तीच्या यादीत नव्हते. अनेक जण बनियन आणि आखूड चड्डीवर होते. गुहेत आसरा घेतलेल्या एका मेंढपाळाने काही धावकांना आत ओढून घेतले म्हणून ते वाचले. हे वाचल्यावर तरी कोणी जॅकेटचे शंभर-दोनशे ग्रॅम वाचवू नयेत.

दर १,००० मीटर चढल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि वारा व ओले कपडे यांनी ती थंडी कितीतरी पटीने बोचते. म्हणून रेनजॅकेट टोपीचे, शिवणी सीलबंद केलेले आणि निदान १०,००० मिलिमीटर जलरोधकतेचे असावे. त्याखाली घालायचा पूर्ण बाह्यांचा थर्मल जलरोधक पिशवीत कोरडा ठेवावा आणि थांबण्याची वेळ आली तरच तो काढावा. थंडी वाजायच्या आधी जॅकेट घालावे. बोटे बधिर झाल्यावर चेनसुद्धा ओढता येत नाही. हातमोजे, टोपी, आणीबाणीची चांदी रंगाची चादर, हेडलॅम्प, त्याच्या जादा बॅटऱ्या आणि शिटी या वस्तू बॅगेत नेहमी त्याच जागी असाव्यात. संकटाचा आंतरराष्ट्रीय इशारा म्हणजे मिनिटाला सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्यांचे असते.

बुटांचे दोन जोड न्यावेत, दोन्ही वापरून मुरलेले. रोज धावून पाय सुजतात, त्यामुळे निदान एक जोड अर्ध्या मापाने मोठा असावा. मोजे दिवसागणिक एक आणि वर दोन.

पायांची निगा इथे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण अशा शर्यती फुप्फुसांपेक्षा फोडांमुळे जास्त सुटतात. नखे शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी कापून कडा कानसून घ्याव्यात. जिथे सरावात घासते तिथे चिकटपट्टी आदल्या संध्याकाळीच लावावी, म्हणजे रात्रभरात ती घट्ट बसते. पाय धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि त्यावर मलमाचा अंशही ठेवू नये. पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल कापावेत, नाहीतर मोजा घालताना टोक उचलले जाते आणि तिथूनच पट्टी सुटते. लावताना ती ताणू नये. बोट तिच्यावरून फिरवले असता एकही सुरकुती लागता कामा नये, कारण सुरकुतीचाच पुढे फोड होतो. मग तळहाताने अर्धा मिनिट दाबून तिला ऊब द्यावी. वाटेत कुठे ‘गरम’ लागायला लागले, की पुढच्या चेकपॉइंटची वाट न पाहता तिथेच थांबून पट्टी लावावी. पाच मिनिटे जातात, पण पुढचे चार दिवस वाचतात. फोड आलाच आणि तो चालताना दाबला जात असेल, तर निर्जंतुक सुईने त्याच्या खालच्या कडेला दोन-तीन छिद्रे पाडून पाणी काढावे. वरची कातडी मात्र सोलू नये. रक्ताने भरलेल्या फोडाला हात न लावता वैद्यकीय पथकाला दाखवावे.

खाणे आणि पाणी

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके बहुतेकांना पचतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असलेले पदार्थ घेतले आणि पोटाला तशी सवय लावली तर हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. ही सवय सरावातच लावावी लागते. तिसऱ्या दिवशी गोडाचा वीट येतो, म्हणून खारट, आंबट आणि चावून खायचे पदार्थ बरोबर असावेत. आयोजकांच्या जेवणावर पूर्ण विसंबू नये. ओळखीच्या चवीच्या थोड्या वस्तू मोठ्या बॅगेत ठेवल्या, की भूक मेलेल्या संध्याकाळी त्या उपयोगी येतात.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना लिटरच्या लिटर पाणी पोटात ढकलले, तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बोटे सुजणे, मळमळ आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे आहेत आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणे घातक ठरते. उष्ण हवेत घामाबरोबर मीठ जाते, तेव्हा जेवणात आणि पेयात ते परत यायला हवे.

मुक्कामावर शेकडो माणसे एकाच भांड्यातून वाढून घेतात आणि तीच शौचालये वापरतात, त्यामुळे पोटाचा संसर्ग झपाट्याने पसरतो. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत आणि दुसऱ्याच्या पाकिटात हात घालू नये, स्वतःचे पाकीटही पुढे न करता त्यातले हातावर ओतून द्यावे.

प्रवास

शर्यतीच्या गावी निदान दोन रात्री आधी पोहोचावे. घड्याळाच्या वेळा बदलत असतील, तर शरीर जुळायला ढोबळमानाने दर तासाच्या फरकाला एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. डोंगरातले रस्ते दरड किंवा हिमवृष्टीने बंद पडू शकतात, म्हणून विमान आणि पुढची बस यांची गाठ मिनिटांवर बेतू नये. व्हिसा लागत असेल तर नोंदणीची पावती आणि मुक्कामाचे पत्र वेळेत मागवून घ्यावे.

जे हरवले तर शर्यतच हुकेल, ते सगळे विमानात आपल्याजवळ असावे: धावण्याचे बूट (पायातच घालावेत), रेनजॅकेट, धावण्याची बॅग, हेडलॅम्प, औषधे, पहिल्या दिवसाचे कपडे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा परवानगीशिवाय चालते. ट्रेकिंग पोल आणि कात्री-सुई मात्र चेक-इनमध्ये टाकावी, आणि जेलची पाकिटे द्रव पदार्थांच्या मर्यादेत मोजली जातात हे ध्यानात ठेवावे. स्टोव्हचा गॅस विमानात कुठेच चालत नाही.

विमा घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: स्पर्धात्मक धावणे त्यात बसते का, किती उंचीपर्यंत, आणि हेलिकॉप्टरने सुटका करण्याचा खर्च मिळतो का. नुसत्या ‘साहसी खेळ’ या शब्दावर विसंबू नये.

मोठ्या बॅगेत प्रत्येक दिवसाचे कपडे, मोजे आणि खाणे वेगळ्या जलरोधक पिशवीत बांधून वर दिवसाचा क्रमांक लिहावा. दमल्या अवस्थेत, हेडलॅम्पच्या उजेडात, पावसात भिजलेल्या तंबूत सगळी बॅग उपसायची वेळ येऊ नये यासाठी ही खटपट आहे. कानांत घालायचे बोळे विसरू नयेत. मोठ्या दालनात किंवा तंबूत शेजाऱ्याचे घोरणे ही खरी अडचण असते.

शर्यतीचे दिवस

पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच गरजेपेक्षा वेगाने धावतात. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने जावे, आणि पहिल्या टप्प्याच्या शेवटी ‘अजून तासभर धावता आले असते’ असे वाटले पाहिजे. वीज कडाडू लागली तर धार आणि माथा सोडून खाली यावे. अशा वेळी एकाकी झाड किंवा उघडी खिंड आसऱ्याला घेऊ नये.

टप्पा संपल्यानंतरचा पहिला तास हा दिवसाचा सर्वांत मोलाचा तास मानावा, आणि तो सरळ आडवे होण्यात घालवू नये. आधी कोरडे कपडे अंगावर, मग खाणे: वजनाच्या दर किलोमागे सुमारे एक ग्रॅम कर्बोदके आणि २० ते ३० ग्रॅम प्रथिने. भूक नसेल तर पातळ पदार्थ घोटाघोटाने घ्यावेत. नंतर बूट काढून पाय धुवावेत, आरशात किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यात तळवे नीट पाहावेत. बुटांतले आतले तळ बाहेर काढून वाळत ठेवावेत. पाय उंचावर ठेवून थोडी झोप काढावी. त्यानंतर उद्याचा नकाशा, पाण्याच्या जागा आणि कट-ऑफ पाहून बॅग रात्रीच भरून ठेवावी, म्हणजे पहाटे फक्त बूट बांधायचे उरतात.

दुखण्यांत फरक करायला शिकणे हे या शर्यतीतले सर्वांत कठीण काम आहे. दोन्ही मांड्या सारख्याच दुखत असतील आणि वीस मिनिटे चालल्यावर सैल होत असतील, तर ते अपेक्षित आहे. दुखणे एका बाजूचे, बोट ठेवून दाखवता येईल असे, चालण्याची ढब बदलायला लावणारे आणि धावताना वाढत जाणारे असेल, तर थांबण्याचा विचार करावा. लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे जावे, कारण स्नायू मोडून मूत्रपिंडांवर ताण आल्याचे ते लक्षण असू शकते. याच कारणासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या खाऊन टप्पे काढू नयेत. तासन्‌तास धावताना आणि पाणी कमी पडलेले असताना त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शर्यत सोडायची झाल्यास आयोजकांना सांगूनच सोडावी. न सांगता निघून गेलेल्या धावकाच्या शोधात रात्रभर डोंगर तुडवणारी माणसे आपलाच जीव धोक्यात घालत असतात.

परतीचा प्रवास शेवटच्या टप्प्याच्या दिवशी ठेवू नये. निदान एक रात्र मध्ये असावी आणि प्रवासात सैल चपला, वर पिंडऱ्यांना दाब देणारे मोजे असावेत. लांब बसून राहिल्याने सुजलेल्या पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून दर तासाला उठून चालावे. निघण्याआधी बूट आणि पोल मातीचा कणही न ठेवता धुवावेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर सीमेवर ते तपासले जातात. घरी आल्यावर पहिला आठवडा धावूच नये, पुढचे दोन आठवडे पोहणे, सायकल किंवा चालण्यावर ठेवावेत, आणि भूक व झोप पूर्ववत झाल्याशिवाय पुढच्या शर्यतीची नोंदणी करू नये.